वनहक्काच्या मोर्चाला मदत करायचीय? आधी हे वाचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर वेळी नाशिककडून नाहीतर पालघरकडून आदिवासींचा मोर्चा निघाला की दोन दिवसांत माझा फोन वाजायला लागतो. "अरे आम्हाला पण काहीतरी करायचंय, काय पाठवू?" विचारणारे लोक चांगलेच असतात, पण प्रश्न तेच तेच, आणि तेच तेच व्हॉइस मेसेज टाकून मी कंटाळलो, म्हणून एकदाच बसून लिहिलंय. मी आदिवासी नाही, ठाण्यात राहतो, २०१८ ला हायवेवर पाणी वाटायला म्हणून एक दिवस गेलो आणि तिथून जो अडकलो तो अजून वनजमिनीच्या दाव्यांच्या फायली लावतोय. त्यामुळे खाली जे आहे ते बाहेरून मदत करणाऱ्याचं आहे, मोर्चेकऱ्यांच्या वतीनं बोलायचा मला काही अधिकार नाही.

फुकट जमीन मागतायत का हे लोक?

नाही हो. जी जमीन आज्या-पणज्यापासून कसतायत तीच आपल्या नावावर करा म्हणतायत. इंग्रजांनी १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या वन कायद्यानं डोंगरच्या डोंगर जंगल म्हणून सरकारजमा केले, त्यांना साग पाहिजे होता, रेल्वेला स्लीपर पाहिजे होते. तिथं आधीपासून पाडे होते, नागली-वरईची शेतं होती, ते कागदावर आलंच नाही. स्वातंत्र्यानंतर कागद तसाच पुढे सरकला आणि ज्याच्या पणज्यानं दगड वेचून बांध घातला तो पणतू झाला 'अतिक्रमणधारक'. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये, २००६ च्या वनहक्क कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झालाय आणि तो दूर करायला हा कायदा आहे. संसदेनं पास केलेला कायदा आहे, मोर्चा त्याच्याच अंमलबजावणीसाठी असतो.

तो कायदा थोडक्यात सांगाल का?

प्रयत्न करतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतोय त्याला ती जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर. जास्तीत जास्त म्हणजे प्रत्येकाला ४ हेक्टर असं नाही, दोन एकर कसत असेल तर दोनच एकर. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींनाही मिळते पण त्यांना तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. पट्टा, म्हणजे त्या हक्काचा सरकारी कागद, नवरा-बायको दोघांच्या नावावर. वारसांना जातो, पण विकता येत नाही, त्यामुळे 'उद्या बिल्डरला विकतील' हा जो प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो त्याचं उत्तर इथंच संपलं. याशिवाय अख्ख्या गावाला मिळून जंगलावर सामूहिक हक्क मिळतो, तो वेगळा विषय आहे, खाली येतोच.

दावा कुठं करायचा, तर ग्रामसभेत. ग्रामसभा आपली वनहक्क समिती निवडते, १० ते १५ जणांची, त्यात एक तृतीयांश तरी बायका पाहिजेत. समिती शेतावर जाऊन पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग फाइल जाते प्रांताच्या उपविभागीय समितीकडे आणि शेवटी कलेक्टरच्या जिल्हास्तरीय समितीकडे. आणि हे लक्षात ठेवा, दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्या माणसाला जमिनीवरून हटवता येत नाही, कलम ४(५).

कायदा २००६ चा, मग अजून मोर्चे कशाला?

हाच खरा प्रश्न आहे, यावर जरा लांब लिहितो.

कायदा चांगला आहे पण फाइल ज्या टेबलांवरून जाते तिथं गळते. पहिली गळती पुराव्याची. नियम १३ मध्ये पुराव्यांची भलीमोठी यादी आहे, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती, जुनं गॅझेटियर, इतकंच काय शेतातली विहीर, बांध, पूर्वजांचं दफन केलेली जागा, देवाचं ठिकाण, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब सुद्धा. यातले दोन पुरावे पुरतात. नियम १२अ मध्ये स्पष्ट आहे की कुठलाही एकच विशिष्ट कागद पाहिजे असा आग्रह धरायचा नाही. तरी ऑफिसात गेलं की पहिलं वाक्य "सॅटेलाइट फोटोत शेत दिसत नाही". अरे डोंगरउतारावर दोन झाडांच्या मधे वरई लावलेली, उन्हाळ्यातल्या फोटोत काय दिसणार? नियमात सॅटेलाइट फोटो हा जोडीचा पुरावा आहे, बाकीचे बाजूला सारायला नाही.

आणि सगळ्यात भारी पुरावा काय असतो माहितीये का, दंडाच्या पावत्या. फॉरेस्टवाल्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात 'अतिक्रमण केलं' म्हणून आजोबांना दंड केला त्याची पावती. ज्या खात्यानं चोर ठरवलं त्याच खात्याचा शिक्का आज सांगतो की हा माणूस त्या साली तिथं शेती करत होता. एका पाड्यावर एका बाबांनी मला असल्या सात पावत्या दाखवल्या, घडीवर घडी, प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी पत्र्याच्या डब्यात आणि डबा कुडाच्या खोपच्यात वर. बाबांना लिहिता-वाचता येत नाही पण कुठली पावती कुठल्या साली आणि कुणी फाडली ते तोंडपाठ. त्यांच्या सख्ख्या भावाच्या पावत्या घराला आग लागली तेव्हा गेल्या. दोघांचं शेत एका बांधाला, एकाचा दावा पास, दुसऱ्याचा नामंजूर.

दुसरी गळती मोजणीची. दोन एकर कसतो, पट्टा येतो पाच-दहा गुंठ्यांचा. कागदावर सरकार म्हणणार इतके लाख दावे निकाली काढले, आकडा चकाचक, पण निकाली म्हणजे काय ते बघायला पट्टा हातात घेऊन शेतात उभं राहावं लागतं.

तिसरी सातबाऱ्याची. पट्टा मिळाला तरी सातबाऱ्यावर नाव लागतं 'इतर हक्क' या रकान्यात, मालक म्हणून वन खातंच राहतं. मग बँक पीककर्जाला दारात उभं करत नाही. म्हणून 'कब्जेदार सदरी नाव लावा', म्हणजे मालकाच्या रकान्यात लावा, ही मागणी प्रत्येक मोर्चात असते. शहरात ऐकायला टेक्निकल वाटते पण पोस्टरवर सगळ्यात मोठ्या अक्षरात तीच असते कारण तिच्यावरच पुढचं सगळं अडलेलं आहे.

दावा फेटाळला म्हणजे तो खोटाच असेल ना?

वरचं वाचून पण हे विचारावंसं वाटत असेल तर परत वाचा! काही दावे खोटे असतात, मी नाही म्हणत नाही, प्रत्येक योजनेत असतात. पण फेटाळताना कारण लेखी द्यायचं, दावेदाराला स्वतःला कळवायचं म्हणजे त्याला ६० दिवसांत अपील करता येईल, हा नियम आहे. प्रत्यक्षात खूप लोकांना आपला दावा फेटाळलाय हेच माहिती नसतं, यादी कुठंतरी लागते नाहीतर लागतच नाही.

आणि फेटाळल्याचा परिणाम किती होतो ते २०१९ मध्ये दिसलं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं ज्यांचे दावे अंतिमतः फेटाळलेत त्यांना जमिनीवरून काढा असा आदेश राज्यांना दिला. देशभरात असे दावे दहा लाखांहून जास्त. पंधरा दिवसांत, २८ फेब्रुवारीला, कोर्टानंच तो आदेश स्थगित केला आणि राज्यांना विचारलं की फेटाळताना प्रक्रिया पाळली का ते सांगा. त्या पंधरा दिवसांत पाड्यापाड्यांवर काय वातावरण होतं ते मी बघितलंय, लोक पेरणीचं बी विकत घ्यावं की नको विचारत होते.

२०१८ च्या लाँग मार्चचं एवढं कौतुक का?

कारण मुंबईनं तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या शेतकरी संघटनेचा, मोर्चा निघाला, सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबक, इगतपुरी, शिवाय ठाणे-पालघर आणि इतर जिल्ह्यांतून माणसं, बहुसंख्य आदिवासी, कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर. कसारा घाट उतरून शहापूर, भिवंडी, ठाणे, जवळपास १८० किलोमीटर, मार्चच्या उन्हात. वाढत वाढत ४०-५० हजारांच्या आसपास लोक झाले. पायाला फोड आलेल्या आज्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. मागण्या बऱ्याच होत्या, कर्जमाफी, हमीभाव, म्हाताऱ्यांचं पेन्शन, रेशनकार्ड, नद्यांचं पाणी गुजरातला वळवू नका, पण चालणाऱ्यांपैकी कुणालाही विचारा, पहिलं उत्तर फॉरेस्ट प्लॉट, म्हणजे कसत असलेली वनजमीन.

११ तारखेला मोर्चा चुनाभट्टीच्या सोमय्या मैदानावर मुक्कामाला पोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. पोरांना त्रास नको म्हणून रात्रीचीच विश्रांती सोडून लोक मध्यरात्रीनंतर उठले आणि अंधारात आझाद मैदानाकडे चालायला लागले, दिवसभर चालून आलेल्या पायांनी. हे ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. डबेवाल्यांनी जेवण दिलं, रस्त्यावर लोक बिस्किटं, चपला, पाणी घेऊन उभे होते. संध्याकाळपर्यंत सरकारनं लेखी मान्य केलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत मार्गी लावू. परतीला रेल्वेनं खास गाड्या सोडल्या.

लेखी मिळालं ना, मग २०१९ आणि २०२३ ला परत का निघाले?

सहा महिन्यांत झालं नाही म्हणून. फेब्रुवारी २०१९ ला परत नाशिकहून निघाले, शहर सोडून थोडं पुढं गेल्यावर परत आश्वासन, परत माघारी. मार्च २०२३ ला दिंडोरीहून निघाले, त्या वेळी कांद्याचा भाव पण होता मागण्यांत, वाशिंदपर्यंत आले, तिथं मुक्काम करून बसले आणि लेखी हातात आल्यावर उठले. मला लोक विचारतात "यांना चालायची हौस आहे का". अहो हातातली कामं सोडून, घरी म्हातारी माणसं नि गुरं सोडून, स्वतःचं तांदूळ-पीठ बांधून हौसेला कोण १८० किलोमीटर चालतं?

लाल झेंडे बघून मी मागे सरकतो. मी त्या पक्षाचा नाही, तरी येऊ का?

या की. पाण्याची बाटली घेताना कुणी तुमचं मत विचारत नाही. पण 'झेंडे जरा बाजूला ठेवा, मग आमच्या सोसायटीचे लोक पण येतील' हे सांगू नका, मी स्वतः एकदा सांगायची चूक केलीये आणि एका आजीनं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. झेंडा तिथं काल आलेला नाही. १९४५ मध्ये तलासरी-डहाणू भागात किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांबरोबर वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडीची प्रथा मोडून काढली, लग्नगडी म्हणजे लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको दोघं सावकाराकडे राबणार. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी गेले. त्या घरांमधल्या नातवंडांना झेंडा म्हणजे आजोबांचा बिगारीतून सुटलेला दिवस, आपल्याला ते टीव्हीवरचं पक्षाचं भांडण वाटतं. शिवाय सगळेच मोर्चे लाल झेंड्याचे नसतात, नोव्हेंबर २०१८ ला लोकसंघर्ष मोर्चा या संघटनेचा मोर्चा ठाण्याहून मुंबईत आला, तो वेगळा. पालघर-रायगडात आणखी वेगळ्या संघटना आहेत. कुणाबरोबर चालायचं ते तुम्ही ठरवा.

ट्रॅफिक होतो त्याचं काय?

होतो. दहावीच्या पोरांचं वर लिहिलंय. दहीहंडीला पण होतो. पुढचा प्रश्न.

जमिनी दिल्या तर जंगल तोडून टाकतील ना?

हा प्रश्न पर्यावरणवाल्या मित्रांचा असतो आणि मनापासून असतो म्हणून नीट उत्तर देतो. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) म्हणून गोंडांचं गाव आहे, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना वन खात्याकडंच, म्हणजे बांबू तुमचा पण गावाबाहेर नेला की गुन्हा. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. आज तिथं जंगल जागेवर आहे, बांबू ग्रामसभा विकते, त्या पैशाचा हिशोब ग्रामसभेत वाचला जातो. उलट ज्या जंगलाचा मालक मुंबईत-नागपुरात ऑफिसात बसतो तिथं लाकूडतोड रात्रीची होते आणि गावाला कुणी विचारत नाही.

हां, प्रत्येक गाव मेंढा नसतं. काही ठिकाणी प्लॉटसाठी झाडं पाडली गेलीयेत, खोटं कशाला बोला. पण त्याला उपाय काय तर २००५ ची तारीख आणि शेतावरची पाहणी, सरसकट सगळ्यांना नामंजूर नव्हे.

ओडिशातलं नियामगिरीचं उदाहरण पण सांगतो कारण शहरातल्या लोकांना ते आवडतं: २०१३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की खाणीबद्दल ग्रामसभांना विचारा, बारा गावांत ग्रामसभा झाल्या, बाराच्या बारांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. डोंगर अजून उभा आहे. याच वनहक्क कायद्याच्या जोरावर.

आरे आणि वाढवण पण यातच येतं का?

अर्धंमुर्धं. मुंबईतल्या आरेच्या जंगलात २७ पाडे आहेत, वारली, कोकणा, मल्हार कोळी, पण बातम्यांमध्ये फक्त झाडं आली. ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाचा निकाल आला त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तोड सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांत २,१४१ झाडं पाडली, तोडणीला विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली, त्यात पाड्यावरची पोरं पण होती. सगळे 'झाडं वाचवा' म्हणत होते, प्रजापूरपाड्याच्या भाताच्या शेताचं काय झालं कुणी विचारलं नाही. डहाणूजवळच्या वाढवण बंदराविरुद्धचा लढा मुख्यतः मच्छीमारांचा आहे, १९९६ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं डहाणूसाठी जे पर्यावरण प्राधिकरण नेमलं त्यानं १९९८ ला बंदर नाकारलं होतं आणि त्याच प्राधिकरणानं २०२३ ला परवानगी दिली. पण भरावाला दगड-माती डोंगरातून येणार आणि डोंगरात वारल्यांचे पाडे, म्हणून ते पण रस्त्यावर आहेत. प्रत्येकाची मागणी वेगळी, एकाच बॅनरखाली कोंबू नका.

मोर्चात काय द्यायचं?

आधी विचारायचं. प्रत्येक मोठ्या मोर्चात मुक्कामाचं काम बघणारी माणसं असतात, त्यांना फोन करायचा, ते सांगतील तेवढंच न्यायचं. एकदा एका मुक्कामावर एका कॉलेजनं दोन टेम्पो भरून जुने कपडे आणले, त्यात लग्नातले शेरवानी पण होते, चालणाऱ्या माणसानं ते कुठं न्यायचे? रात्री आम्हीच ते परत भरले.

जे खरंच लागतं ते सांगतो. पाणी, पण छोट्या बाटल्यांपेक्षा टँकर, बाटल्यांचा कचरा सकाळी मोर्चेकरी बायकाच उचलत बसतात. ओआरएस, केळी, चिक्की, भाजलेले शेंगदाणे. चपला, पण मापाच्या, आणि नवीन चप्पल फोड आलेल्या पायाला उलट लागते म्हणून मऊ सपाट स्लीपर बरी. कापूस, बँडेज, मलम, डॉक्टर असलात तर स्वतः या, गोळ्या मात्र आपल्या मनानं वाटू नका, बीपी-शुगरवाली माणसं असतात. सॅनिटरी पॅड. फिरते संडास, हे सगळ्यात दुर्लक्षित, हायवेवर हजारो बायका आणि आडोसा नाही. तुमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाला फोन करून चार मोबाइल टॉयलेट लावून घेतलीत तर चारशे वडापावांपेक्षा मोठं काम. मुक्कामाच्या रस्त्यावरची शाळा, हॉल, सोसायटीचं टॉयलेट रात्रभर उघडं ठेवलंत तरी पुरे.

जेवण शिजवून द्यायची घाई करू नका. त्यांचे टेम्पो, तांदूळ, पातेली, सरपण सगळं बरोबर असतं, गावागावाचा गट आपलं शिजवतो. त्यांना विचारून त्यांच्याच चुलीवर डाळ-तेल-मिरची-मीठ पोचवा.

पैसे पाठवायचेत. कुठं?

संघटनेच्या नावाच्या खात्यावर, पावती मागून. कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर नको, मोर्चाच्या दिवसांत बनावट क्यूआर फिरतात. मोर्चातल्या सगळ्याच संघटनांकडे ८०जी (देणगीवरची करसवलत) नसतं, टॅक्स वाचवायचा असेल तर दुसरीकडे वाचवा.

अमेरिका-दुबईवाल्या मंडळींसाठी: तुमचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकेनं पाठवत असाल तर ते परदेशी देणगीत मोजत नाहीत. पण परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तुमचे पैसे परदेशी देणगी ठरतात आणि परवाना नसलेल्या संघटनेनं ते घेतले तर तीच अडचणीत येते. प्रेमानं पाठवलेले पन्नास डॉलर एखाद्या संघटनेला नोटीस आणू शकतात. नका पाठवू. त्याऐवजी इथल्या भावाला-बहिणीला कामाला लावा.

मी त्यांच्याबरोबर चाललो तर चालेल?

चालेल, मागच्या बाजूला. पुढच्या रांगेत बॅनर धरायला उभं राहायचं नाही. घोषणा ते देतील, तुम्ही फक्त 'जिंदाबाद' म्हणायचं. पोलिसांबद्दल: मोर्चाआधी लोकांना नोटिसा येतात, जमावबंदी लागू शकते, आधी १४४ म्हणायचो, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. शहरातल्या माणसाला पोलिसांनी उचललं तर संध्याकाळी सुटतो, पाड्यावरच्या माणसाला तारखा लागतात आणि प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तुमच्या जोशामुळे दगडफेक-धक्काबुक्की होईल असं काही करू नका, त्याची किंमत दुसरा मोजतो.

फोटो, रील?

विचारून. फुटलेल्या पायांचे फोटो पुरे झाले. झोपलेल्या बायकांचे, पोराला पाजणाऱ्या बाईचे अजिबात नको. मागण्यांचं पत्रक वाचून त्यावर रील करा, व्ह्यूज कमी येतील.

आदिवासी म्हणायचं की वनवासी? बोलायचं कसं?

आदिवासी. वनवासी म्हटलं की बऱ्याच जणांना राग येतो, कारण आदिवासी म्हणजे आधीपासूनचा, वनवासी म्हणजे नुसता वनात राहणारा, आणि भांडण तर 'आधीपासून'चंच आहे. भेटल्यावर 'जोहार' म्हणा नाहीतर 'जिंदाबाद', मोर्चात दोन्ही चालतं. आजी-बाबा तुम्हाला सरळ 'तू' म्हणतील, त्यांच्या बोलीत तसंच आहे, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही मात्र 'ए मावशी, इकडं ये' करू नका. कुर्त्यावर वारली चित्र असेल तर बघून हसतील, हसू द्या.

मोर्चा संपला, मुंबई विसरली. आता काय करू?

इथून खरं काम सुरू होतं आणि इथंच सगळे गायब होतात. २०१८ ला माझ्याबरोबर पाणी वाटणारे साठ-सत्तर लोक होते, सहा महिन्यांची मुदत संपली त्या दिवशी फोन केले तर चौघांनी उचलला, त्यात एक जण म्हणाला कुठली मुदत?

कामं अशी आहेत. उपविभागीय समितीच्या बैठका झाल्या का, इतिवृत्त काय, किती दावे कुठल्या कारणानं परत पाठवले, हे माहिती अधिकारात विचारता येतं, अर्ज मराठीत, फी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर. पण अर्ज टाकायच्या आधी त्या गावच्या वनहक्क समितीला विचारा, नाहीतर तुमच्या अर्जाचा राग गावाच्या फाइलवर निघतो, असं झालेलं मी पाहिलंय. फेटाळलेल्या दाव्यांची अपिलं लिहायला माणसं लागतात, त्याला वकीलच पाहिजे असं नाही, स्वच्छ मराठी आणि धीर पाहिजे. जिल्हास्तरीय समितीनं फेटाळलं तरी आपल्याकडे २०२० पासून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे जाता येतं, राज्यपालांनी घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून ही सोय केली, अनुसूचित क्षेत्रासाठी, आणि अजून ती कित्येकांना माहिती नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांनी शेताच्या कडेकडेनं जीपीएस घेऊन चालून नकाशे करून द्यावेत, पाच गुंठे की ऐंशी गुंठे हे भांडण नकाशाशिवाय लढता येत नाही. शनिवार-रविवारी जमतं. बँकेत असाल तर पट्टेधारकाला पीककर्ज कुठं अडतं ते आतून सांगा, आम्हाला बाहेरून कळत नाही.

मी अमुक शनिवारी पाड्यावर येतोय, काय आणू?

गर्दी करू नका, दोघं-तिघं पुरे. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत जाऊ नका, कुणाला वेळ नसतो, गेलात तर चिखलात उतरा. जेवायला थांबवतील, नागलीची भाकरी आणि ठेचा, नाही म्हणू नका. कागदांचे फोटो काढा, मूळ कागद गावाबाहेर न्यायचा नाही, 'स्कॅन करून परत आणतो' म्हणून सुद्धा नाही. चार्जिंगची बॅटरी, स्टॅम्प पॅड, निळ्या शाईचे पेन, फायलींना लावायची सुतळी आणा. आणि झेरॉक्ससाठी सुट्टे पैसे, तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडे क्यूआर लावलेला आहे पण रेंज नसते.